जाळ्याचा वाटा

डेडस्टॉक रजिस्टरात, पान एकशे बारा,
एक रकाना अजून कोरा आहे: ‘कोणत्या विभागाकडे’.
बाकी सगळं लिहिलंय निळ्या शाईनं, नियमाप्रमाणे.
मास्क अलायनर, नग एक.
किंमत लिहिताना शून्यं दोनदा मोजली.

वेंगुर्ल्याच्या वर, सड्यावर, आमची इमारत.
खाली काजूची कलमं, पलीकडे समुद्र,
आणि दोन वर्षांत तीन एसी खाल्लेला वारा.
इथे धूळ नसलेली खोली बांधायची म्हटल्यावर
बांधकामवाले आजगावकर हसले होते:
‘बाई, इथे खिळासुद्धा वर्ष काढत नाही.’

मग पत्रं.
फिजिक्सचं, केमिस्ट्रीचं,
मत्स्य महाविद्यालयाचं, त्यांना हवा होता
बांगडा किती तासांचा ते सांगणारा तांदळाएवढा सेन्सर.
आंबेवाल्यांना हापूसच्या पोटातला साका
न कापता ओळखायचा होता.
प्रत्येकाला आपलं, छोटं, आपल्या कुलपातलं.
पाचांचे पैसे मिळून हे एक यंत्र येत होतं.
एकेकट्याच्या पैशांत
एक बरा मायक्रोस्कोप, आणि उद्घाटनाचा चहा.

बैठक साडेचार तास.
सोमवार कोणाचा, किल्ली कोणाची,
दिवा गेला तर भरणार कोण.
तेंडोलकर मॅडम पेन मिटत होत्या, उघडत होत्या.
तेव्हा चहाचे कप उचलता उचलता
लॅब असिस्टंट मोतीराम गिरप बोलला,
विचारलं नव्हतं कोणी:

‘आमच्या रापणीत दोरी ओढणाऱ्याक एक वाटो.
होडयेक वाटो. जाळ्याकव वाटो.
जाळां काय मासे खाता?
पण फाटलां, तर शिवतलो कोण?
आणि वाटेन जाणारो हात लावता
तेकाव दोन बांगडे, तेचां नाव कोण इचारणा नाय.’

इतिवृत्तात हे नाही.
इतिवृत्तात आहे: ‘ताशी शुल्कातील चौथा हिस्सा
देखभाल निधीत जमा करावा;
बाहेरील विद्यार्थ्यांस दरमहा आठ तास राखीव.’
मीच टाइप केलं. सह्या पाच.

त्यानंतर तीन कोटेशनं,
त्यातली दोन येईनात, कारण जगात बनवणारेच मोजके;
एकाच कंपनीकडून का, याची कारणं सहा ओळींत,
परत आली, अकरा ओळींत पाठवली.
एकतीस मार्चची रात्र
मी आणि प्रिंटर.

खोकं आंबोली उतरलं बैलगाडीच्या वेगानं.
त्यावर एक टिकली होती, कललं की लाल होणारी.
ड्रायव्हर दर वळणाला उतरून बघायचा,
घरच्या आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा.
क्रेन आणली रेडीहून.
याकूबनं जन्मभर तांबडी मातीच उचललेली;
हे पहिल्यांदा, जिला तिचा कण सोसत नाही असली वस्तू.
खाली ठेवलं तेव्हा आवाज झाला नाही.
टिकली पांढरी.
याकूब म्हणाला, ‘एवढंच?’ आणि विडी शोधू लागला.

आता पिवळ्या उजेडाची खोली आहे,
कसर आलेल्या जुन्या फोटोच्या रंगाची.
दारात चिकट चटई. येणाऱ्यांच्या तळव्यांची माती ती ठेवून घेते.
संध्याकाळी गिरप वरचा थर सोलतो:
तांबडी पावलं एकावर एक,
आंबेवाल्याचं कुठलं, मासेवाल्याचं कुठलं, कळत नाही.

परवा मलाही पांढरा झगा, टोपी घालून आत नेलं.
भिंगाखाली केसाहून बारीक रेघा,
आडव्या, उभ्या, मध्ये चौकोन.
मी म्हटलं, जाळं.
मुलं म्हणाली, नाही बाई, हा टेस्ट पॅटर्न.
गिरप काही बोलला नाही.

गुरुवारी ऑडिट.
बाहेरच्या एसीच्या पत्र्यावर पुन्हा मीठ धरलंय,
देखभाल निधीतून पहिला चेक कालच गेला.
त्या कोऱ्या रकान्यात मी पाच नावं बसवून बघितली,
अक्षरं बारीक केली, आणखी बारीक केली,
माझ्या हातानं इतकं बारीक होत नाही.
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘रापण’.
साहेबांनी विचारलं, तर खोडेन.